पट्ट्याच्या वरचं घर

सोसायटीच्या मागचा डोंगर दर उन्हाळ्यात जळायचा. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. खालच्या वाडीतल्या गुराख्यांची अशी ठाम समजूत होती की जुनं गवत जाळल्याशिवाय नवं जोमानं येत नाही, आणि डोंगराचीही बहुधा तीच समजूत असावी, कारण कुणी काडी लावली नाही तरी तो कुठून तरी पेटायचाच. शहरातून बघताना दिवेलागणीला ती लाल रेघ मोठी सुंदर दिसे. मीही ती रंकाळ्याच्या कट्ट्यावर भेळ खाता खाता पुष्कळदा पाहिलेली आहे. पुढं मी त्याच डोंगराच्या पायथ्याशी भाड्यानं राहायला गेलो, तेव्हा कळलं की वणव्याचं सौंदर्य पटायला मध्ये निदान दोन मैल तरी लागतात.

ही गोष्ट सत्तरच्या दशकातली. सोसायटी होती सरकारी नोकर, मास्तर, वकील आणि निवृत्त साहेब लोकांची. अध्यक्ष होते एक निवृत्त मामलेदार. त्यांना सगळे रावसाहेब म्हणत. नोकरी सुटून बरीच वर्षं झाली होती, पण दूधवाल्याशी बोलतानासुद्धा त्यांचा सूर निकाल वाचून दाखवल्यासारखा असे. मी कॉलेजात इतिहास शिकवत होतो. पुस्तकं वाचणारा माणूस निरुपद्रवी असतो, अशी तिथं समजूत होती, आणि मी ती खोटी पाडण्याच्या भानगडीत कधी पडलो नाही.

दुष्काळ सरून पहिला चांगला पाऊस झाला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात डोंगरावर गवत कमरेएवढं उभं होतं. त्या वर्षी वणवा उतरत उतरत थेट सोसायटीच्या दारात आला. नुकसान काय झालं, तर एक मेंदीचं कुंपण, वाळत घातलेली दोन धोतरं आणि सोसायटीचा बोर्ड. बोर्ड सागवानी होता आणि त्यावर अध्यक्षांपासून खजिनदारापर्यंत सगळ्यांची नावं ऑइलपेंटनं लिहिलेली होती. कुणाचं घर जळालं असतं तर लोक हळहळले असते. बोर्ड जळाला म्हणून समिती नेमली गेली. वणवा प्रतिबंधक समिती. तिच्यात इतके सभासद घेतले की बाहेर उरलो फक्त आम्ही भाडेकरू. आम्ही, आणि मास्तर.

मास्तर म्हणजे आयटीआयमध्ये सुतारकाम शिकवणारे निदेशक. घरांच्या खालच्या ओळी संपल्या की एक नाला होता आणि नाल्याच्या पलीकडे, डोंगराच्या अंगाला, एकच प्लॉट होता. तो मास्तरांचा. नकाशात तो सोसायटीतच होता, नजरेत नव्हता. मास्तर बौद्ध. हातकणंगल्याकडच्या एका खेड्यातलं, छप्पन साली धर्म बदललेलं घर. सोसायटीत याचा उच्चार कुणी करत नसे. ‘आमच्याकडं तसलं काही नाही’ हे वाक्य मात्र इतक्या वेळा कानावर येई की तसलं म्हणजे कसलं, हे शेंबड्या पोरालाही पाठ होतं. प्लॉटांचं वाटप चिठ्ठ्या टाकून झालेलं होतं, अगदी रीतसर. मास्तर त्या दिवशी परीक्षेच्या कामावर होते, म्हणून त्यांच्या वतीनं चिठ्ठी रावसाहेबांनी उचलली. बाकी सगळ्यांच्या उचलून झाल्यावर.

“नशीबवान आहात,” त्यांनी मास्तरांना सांगितलं. “डोंगराची हवा मिळाली.”

सोसायटीचा आणखी एक नियम होता. ठरलेल्या मुदतीत घरावर छप्पर चढलं नाही, तर प्लॉट परत. खालच्या ओळीतले दोन प्लॉट कित्येक वर्षं बाभळी वाढवत पडले होते, पण त्यांचे मालक मुंबईत मोठ्या हुद्द्यावर होते, आणि हुद्दा हेही एक छप्परच असतं. मास्तरांची मुदत पुढच्या मार्चअखेर संपत होती. ते त्यांना माहीत होतं, रावसाहेबांना माहीत होतं, आणि भेटेल तो माणूस ‘काय मास्तर, छप्पर कुठवर आलं?’ असं विचारत असल्यामुळं विसरण्याची सोय नव्हती.

छप्पर चांगलं आलं होतं. विटांच्या भिंती गवंड्यानं उभ्या केल्या, पण लाकूडकामाला मास्तरांनी दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नाही. गगनबावड्याकडून आणलेलं ऐन-किंजळाचं लाकूड त्यांनी सुट्टीच्या दिवशी आणि कामावरून आल्यावर रंधून, तासून, सांधे जुळवून तयार केलं होतं. छपराच्या तिकोनी कैच्या चढल्या होत्या, वासे पडले होते, वर रिपा ठोकून झाल्या होत्या. आता फक्त मंगलोरी कौलं यायची होती. लॉरी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात येणार होती. कौलं चढली की घर झालं आणि घर झालं की प्लॉट कायमचा. तोवर नवरा-बायको भिंतीला लागून घातलेल्या पाचटाच्या खोपीत राहत होते. पाचट म्हणजे उसाचा वाळलेला पाला. आमच्या जिल्ह्यात तो फुकट मिळतो आणि कागदासारखा पेटतो.

मास्तरांच्या बायकोला सगळे वहिनी म्हणत. त्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या आणि त्यांचा आवाज एका दमात अख्ख्या वॉर्डाला पुरत असे.

समितीची सभा जानेवारीत रावसाहेबांच्या अंगणात भरली. आमच्यातच एक निवृत्त रेंजर राहत होते. जंगलखात्यात त्यांची हयात गेली होती. त्यांनी काठीनं मातीत रेघा ओढून जाळपट्टा कसा करतात ते समजावून सांगितलं. डोंगर आणि वस्ती यांच्यामध्ये दोन समांतर वाटा गवत खरवडून साफ करायच्या. मधलं गवत आपणच जाळून टाकायचं. काळा पट्टा तेवढा उरतो. मग वरून वणवा आला तरी पट्ट्याशी येऊन उपाशी मरतो.

“पण एक ध्येनात ठेवा,” रेंजर म्हणाले. “जाळायचं ते पाटंचं, दव हाय तवर. उन्हं वर आली की काडी वडायची न्हाय. वारं उठतंय. आणि माणसं दोनी अंगाला पायजेत. वरच्या अंगाला जादा. आग चढाला पळती.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. हे इतकं स्पष्ट होतं की माझ्यासारख्यालाही कळलं.

मग पट्टा कुठून न्यायचा यावर गाडी आली. मास्तरांच्या घराच्या वरून न्यायचा, तर तिथं कातळ आणि करवंदीच्या जाळ्या. खालून, नाल्याकाठानं न्यायचा, तर जागा सपाट, पण मास्तरांचं घर डोंगराच्या बाजूला राहत होतं. मास्तर उभे राहिले. ते मोठ्यानं बोलत नसत.

“माझं घर वर राहतंय, साहेब.”

“घर झाल्यावर राहील, मास्तर,” रावसाहेब म्हणाले. “सध्या ते बांधकाम आहे.”

दोघंतिघं हसले. रेंजरांनी काठी फिरवून मातीतल्या रेघा पुसल्या. “वर कातळ हाय वो. कुदळ चालायची न्हाय. फुडल्या वर्षी बघू की.”

“फुडल्या वर्षी?” मागून वहिनींचा आवाज आला. “मग डोंगराला तसं सांगून ठेवलायसा काय, यंदा थांब म्हणून?”

“वहिनी, सभेचे काही संकेत असतात,” सचिव म्हणाले. ते वकील होते.

“असू देत की. तुमचा बोर्ड जळाला म्हणून पट्टा करालायसा न्हवं? मग आमच्या भिंतीवर बी एक बोर्ड ठोका. तुमची समद्यांची नावं लिवा त्याच्यावर. बघा पट्टा कसा सुरसुर वर येतोय.”

यावर मात्र कुणी हसलं नाही. ठराव मंजूर झाला. खरं कारण कातळ नव्हता. नाल्याकाठच्या सपाटीपर्यंत जीप येत होती आणि तिथं मांडव मावत होता. पट्ट्याचं उद्घाटन करायचं, हे पट्टा कुठून न्यायचा याच्या आधी ठरलेलं होतं. भाडेकरूला मत नसतं. मला ती सोय नेहमीच मोठी वाटत आली आहे.

फेब्रुवारीच्या रविवारी श्रमदान सुरू झालं. साहेब लोक पांढरे बूट घालून आले. पहिल्या रविवारी फोटोग्राफर होता म्हणून सगळे आले, दुसऱ्या रविवारी निम्मे आले, तिसऱ्या रविवारी लग्नसराई होती. मास्तर दर खेपेला पहिले यायचे आणि शेवटी जायचे. त्यांनी प्रत्येकाच्या कुदळीला दांडा बसवून दिला, विळ्यांच्या मुठी नीट करून दिल्या. इतरांनी वावभर साफ करून कमरेवर हात ठेवावेत, तेवढ्यात मास्तर नाल्याच्या वळणापर्यंत गेलेले असत. आपण इतकं राबतो आहोत म्हटल्यावर पट्टा थोडा वर सरकेल, असं त्यांना आत कुठंतरी वाटत असावं. पट्टे असे सरकत नाहीत. उलट, मास्तर असताना आपण कशाला वाकायचं, असा एक मोकळेपणा बाकीच्यांना आला.

एका रविवारी वहिनींनी सगळ्यांसाठी चहा करून आणला. किटली भरून, आलं घालून. त्या दिवशी सगळ्या सोसायटीचं पित्त खवळलेलं निघालं. खजिनदार म्हणाले, डॉक्टरांनी चहा बंद केलाय. सचिव म्हणाले, आत्ताच घेऊन आलो. मी घेतला. मास्तरांनी दुसरा कप घेतला, आणि उरलेली किटली वहिनींनी तिथंच, नुकत्या साफ केलेल्या वाटेवर ओतली.

“निदान धूळ तरी बसंल,” त्या म्हणाल्या.

खालचा पट्टा झाल्यावर मास्तरांनी वरचा सुरू केला. स्वतःचा, घराच्या वर, कातळातून. त्याला समिती नव्हती. कामावरून आले की नवरा-बायको वर जायचे आणि अंधार पडेपर्यंत करवंदी तोडत, कातळाच्या भेगांमधलं गवत उपटत बसायचे. खालच्या व्हरांड्यांतून ते दोघं दिसत. संध्याकाळच्या चहाला तेवढाच एक विषय होई. “चिकाटी आहे हो,” लोक कौतुकानं म्हणत आणि कप खाली ठेवत.

मी एकदा फिरत फिरत वर गेलो.

“या की प्रोफेसर,” वहिनी म्हणाल्या. “हातात काय हाय, इळा का पुस्तक?”

“पुस्तक.”

“मग लांबच बसा. हितं ठिणगी उडाली तर आधी त्येच पेटायचं.”

मास्तर कातळावर बसून विळ्याला धार लावत होते. पट्टा एका अंगाच्या कड्यापासून दुसऱ्या अंगाच्या कड्यापर्यंत आला होता. मधलं सगळं खरवडून लख्ख केलेलं. करवंदीचे बुंधेसुद्धा वेडेवाकडे तोडलेले नव्हते. सगळे एका पातळीत, सपाट कापलेले. माणसाचा हात एका कामाला लागला की दुसरीकडंही तसाच चालतो.

“वरून आली तर थांबेल ना हो इथं?” मास्तरांनी विचारलं.

“थांबेल,” मी म्हणालो. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण दिसत होतं तसं.

“खालच्या अंगाला पण थोडं साफ केलं असतं,” ते म्हणाले. “पण खालून यायचं काही कारण नाही. खाली आपलीच माणसं आहेत.”

वहिनींनी एक करवंदीची फांदी ओढून दूर भिरकावली.

जाळण्याचा दिवस रेंजरांनी ठरवला होता. मार्चमधला, पहाटेचा. मग रावसाहेबांनी पाहुणे ठरवले. जिल्ह्यातले एक पुढारी, ज्यांच्या शब्दानं सोसायटीला नळाचं पाणी मिळणार होतं, किंवा मिळेल असं सगळ्यांना वाटत होतं. पाहुण्यांचा निरोप आला की सकाळी त्यांना साखर कारखान्याची सभा आहे, ती आटोपून येतील. रेंजर काळजीत पडले.

“रावसाहेब, त्या येळंला वारं असतंय.”

“वाऱ्याला आपण निमंत्रण दिलेलं नाही,” रावसाहेब म्हणाले. “पहाटे कुठला पुढारी उठतो, ते सांगा.”

रेंजरांनी आणखी एकदा तोंड उघडलं. तोवर निमंत्रणपत्रिका छापून आली होती आणि तीत ‘प्रमुख उपस्थिती’खाली रेंजरांचं नाव होतं. त्यांनी ती पत्रिका दोन्ही बाजूंनी वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि वाऱ्याचा विषय पुन्हा काढला नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी नाल्याकाठी मांडव पडला. लाउडस्पीकर आला, फेटे बांधणारा आला. आग विझवायला म्हणून पाण्याची पिपं भरून ठेवली होती. त्यातली निम्मी पाहुण्यांच्या जीपची धूळ उडू नये म्हणून रस्त्यावर शिंपडली गेली आणि उरलेल्यांत कोकम सरबत झालं. आग झोडपायला निरगुडीचे डहाळे घेतलेली माणसं पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना उभी केली होती, अगदी रेंजर म्हणाले होते तशी, वरच्या अंगाला जादा. पाहुणे यायला उशीर झाला, मग आणखी उशीर झाला. उन्हं तापली. मांडवाची झालर फडफडायला लागली.

“वा! काय गार वारं सुटलंय,” माझ्या शेजारचे एक गृहस्थ म्हणाले आणि त्यांनी टोपी काढून डोकं पुढं केलं.

पाहुणे आले. फेटे झाले, हार झाले, रावसाहेबांचं प्रास्ताविक झालं. प्रास्ताविकात पृथ्वीवर अग्नीचा उगम कसा झाला इथपासून सुरुवात होती. मग श्रमदानाबद्दल मास्तरांचा सत्कार जाहीर झाला. मास्तर तेव्हा वरच्या अंगाला डहाळा घेऊन उभे होते. त्यांनी हातानं नको नको केलं.

“या, या मास्तर, लाजू नका,” लाउडस्पीकरवरून रावसाहेब म्हणाले. “एकोपा काय असतो हे जिल्ह्याला कळू द्या.”

मास्तर खाली आले. ते आले म्हटल्यावर त्यांच्याबरोबरची माणसंही एकेक करून पट्टा ओलांडून अलीकडं आली, कारण फोटोग्राफरनं सांगितलं होतं की पलीकडचे लोक धुरात येतील, दिसणार नाहीत. वरच्या अंगाला कुणीही उरलं नाही. त्याच्याही वर, घरापाशी, एकट्या वहिनी होत्या. त्यांना बोलावणं गेलं होतं. त्यांनी उलट निरोप पाठवला होता, आधी तुमची आग इझू दे, मग नारळ बघू.

मास्तरांना व्यासपीठावर खुर्ची दिली. सोसायटीच्या व्यासपीठावर ते पहिल्यांदाच बसत होते. फेटेवाल्यानं त्यांच्या डोक्याला फेटा गुंडाळायला सुरुवात केली आणि तिकडं पाहुण्यांनी मशाल गवताला लावली. टाळ्या झाल्या.

“साहेब, पुन्हा एकदा,” फोटोग्राफर म्हणाला. “जरा या बाजूला.”

पाहुण्यांनी जरा त्या बाजूला पुन्हा एकदा लावली.

गवत अशा वेळी पेटत नाही, फुटतं. एकदम माणसापेक्षा उंच भडका उठला आणि वाऱ्यानं तो वरच्या अंगाला लोटला. वरची साफ केलेली वाट अरुंद होती. तो भाग तिसऱ्या रविवारच्या, लग्नसराईतल्या लोकांचा होता. आगीनं ती वाट ओलांडली तीही घाई न करता, जसं माणूस गटार ओलांडतो तसं, आणि मग चढ लागल्यावर ती पळायला लागली.

वरून वहिनींची हाक आली. “आवो, आग वर आलीया! आवो!” तोच वॉर्डभर पुरणारा आवाज, पण लाउडस्पीकरवर सनई लावलेली होती. मी तो ऐकला, मास्तरांनीही ऐकला. ते उठले. फेटा निम्मा बांधून झाला होता.

“मास्तर, एक मिनिट,” रावसाहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. “फोटो.”

मास्तरांनी तो हात बाजूला केला आणि पळाले. फेट्याचं दुसरं टोक फेटेवाल्याच्या हातात होतं. ते सुटलं आणि तो लांबच लांब केशरी पट्टा त्यांच्यामागं उलगडत गेला, मांडवातून, नाल्यातून, जळक्या गवतावरून.

“आवो, फेटा भाड्याचा हाय!” फेटेवाला ओरडला.

मांडवात हशा पिकला. तो अगदी सहज पिकला. मला तो आजही ऐकू येतो, आणि त्यात कुणाचा दुष्टपणा होता असं मला वाटत नाही. दृश्यच तसं होतं.

मग खोप पेटली आणि हसणं थांबलं. पाचटाच्या ज्वाळा वाश्यांपर्यंत पोचायला काही वेळ लागला नाही. वहिनी कळशीनं पाणी मारत होत्या. मास्तरांनी त्यांना ओढून भिंतीपासून लांब केलं. खाली आता आरडाओरडा सुरू झाला होता. पिपं पालथी करून पाहिली गेली. सरबताचं पातेलं उचलायला दोन पोरं धावली, तेव्हा ‘अरे, पाहुण्यांचं अजून व्हायचंय!’ असं खजिनदार ओरडले. पोरं पातेलं तिथंच ठेवून उभी राहिली. पाहुण्यांनी घेतलं नाही. ते जीपमध्ये बसले, ‘फार दुर्दैवी’ असं म्हणाले आणि निघून गेले. जाताना जीपची धूळ उडाली नाही.

आम्ही बरेच जण डहाळे घेऊन वर गेलो, पण तोवर झोडपायला काही उरलं नव्हतं. छपराचा सांगाडा उभ्याउभ्या जळत होता. सांधे शेवटपर्यंत सुटले नाहीत. कैच्या पडल्या त्या अख्ख्याच पडल्या. घराच्या पलीकडं आग तशीच वर चढत गेली आणि मास्तरांनी कातळातून काढलेल्या पट्ट्याशी येऊन थांबली. गवताची एक काडीही त्या पट्ट्यापलीकडं पेटली नाही. घर वाचावं म्हणून काढलेल्या पट्ट्यानं डोंगर वाचवला. आमचा पट्टा आणि त्यांचा पट्टा यांच्या मधोमध जे काही होतं, तेवढंच जळालं.

दुपारी समिती भेटायला आली. मास्तर विटांच्या ढिगावर बसले होते. गळ्यात फेट्याचा एक वेढा तसाच अडकलेला होता.

“वहिनी, सगळी सोसायटी तुमच्या पाठीशी आहे,” रावसाहेब म्हणाले.

“व्हय, दिसलं की,” वहिनी म्हणाल्या. “पाठीमागनंच आली आग.”

रेंजर घसा खाकरून म्हणाले, “वरचा पट्टा मातुर झ्याक काढलाय मास्तर तुमी.”

मास्तरांनी त्यांच्याकडं पाहिलं. मग ते उठले आणि जळक्या लाकडांमधून आपली हत्यारं शोधायला लागले. रंध्याची पाती सापडली. लाकडी अंगं गेली होती.

पुढच्या आठवड्यात ठरल्याप्रमाणं कौलांची लॉरी आली. ड्रायव्हरनं खाली उतरून चारी बाजूंना पाहिलं.

“मास्तर, उतरवू कुठं?”

“तू कशाला उतरवतोस बाबा,” वहिनी म्हणाल्या. “तितनंच फिरव गाडी.”

त्या महिन्याच्या शेवटी मास्तर मुदत वाढवून मागायला रावसाहेबांकडं गेले. मी तिथं पेपर वाचत होतो. रावसाहेबांनी त्यांना बसायला सांगितलं आणि पाणी मागवलं. ते पाणी स्टीलच्या पेल्यात आलं. आम्हाला काचेच्या ग्लासात येत असे.

“मला व्यक्तिशः फार वाईट वाटतं, मास्तर. पण नियम सगळ्यांना सारखा.”

“छप्पर चढलं होतं, साहेब. तुम्ही पाहिलंय.”

“पाहिलंय. पण कौलं नसताना त्याला छप्पर म्हणता येत नाही. आणि आता मुदत संपताना तर तेही नाही.” मग थोडं थांबून, समजावणीच्या सुरात, “आणि नियमात आगीचा अपवाद नाही. असता तर मी स्वतः तुमच्या बाजूनं उभा राहिलो असतो.”

“खाली दोन प्लॉट तसेच पडलेत,” मास्तर म्हणाले.

“त्यांचं प्रकरण विचाराधीन आहे.”

मास्तर पाणी प्यायले नाहीत. पेला स्टुलावर ठेवला, नमस्कार केला आणि गेले. एप्रिलमध्ये त्यांनी सामान हलवलं. सामान म्हणजे एक ट्रंक, स्टोव्ह, भांडी आणि पात्यांची पिशवी. टेम्पो नाल्यापलीकडं जात नव्हता, त्यामुळं ते त्यांना आमच्या ओळीपर्यंत डोक्यावरून आणावं लागलं. व्हरांड्यांत माणसं उभी होती. ‘पत्ता कळवा,’ असं दोघंतिघं म्हणाले.

वर्षाच्या अहवालात सचिवांनी लिहिलं की सोसायटीच्या प्रयत्नांमुळं यंदा डोंगराला वणवा लागला नाही. ते खरं होतं. त्यात एक शब्द खोटा नव्हता.

परत घेतलेल्या प्लॉटवर सोसायटीचं सभागृह बांधायचं ठरलं. भिंती तयारच होत्या. धुरानं काळ्या झालेल्या, पण ओळंब्यात सरळ. पावसाळा संपल्यावर त्यावर लोखंडी पत्रे चढले आणि दर्शनी बाजूला नवा बोर्ड लागला, सगळ्यांच्या नावांचा. वहिनी सभेत जे बोलल्या होत्या ते कुणाच्या लक्षात असेल असं मला वाटलं नाही.

पुढच्या फेब्रुवारीत पट्टा कुठून न्यायचा यावर चर्चासुद्धा झाली नाही. सभागृहाच्या वरूनच न्यायचा, हे उघड होतं. मी रेंजरांना रस्त्यात गाठून विचारलं, कातळाचं काय?

“कातळाचं काय,” ते म्हणाले. “आवो, तितं पट्टा हायच की आदीचा. जरा रुंद केला की झालं.”

या खेपेला पाहुणे बोलावले नव्हते. पहाटे, दव असताना, दोन्ही अंगांना माणसं उभी राहिली, वरच्या अंगाला जादा. पाण्याची पिपं भरलेली होती आणि भरलेलीच राहिली. करवंदीचे ते सपाट कापलेले बुंधे पायाखाली येत होते आणि त्यांना बाजूनं नवे कोंब फुटले होते. रेंजरांनी काडी ओढली. गवत हळूहळू, धुमसत, शहाण्यासारखं जळत गेलं आणि दुसऱ्या वाटेशी येऊन गपचूप बसलं. कुणाच्या धोतराला धग लागली नाही.

रेंजर डहाळा खाली टाकून हात झटकत माझ्याजवळ आले. चेहरा प्रसन्न होता.

“बघा प्रोफेसर,” ते म्हणाले. “आसं करायचं असतंय.”